सिरोंचाला निघालेली दहीबुत्ती

धारवाडच्या सुभाष रोडवर भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या मुकुंदअण्णा जमखंडीकरांच्या घराण्यात मुली देण्याचा एक नियम होता. पत्रिका जुळो न जुळो, मुलगा गोरा असो की काळा, त्याच्या घरापर्यंतचं अंतर आधी दहीबुत्तीनं मोजायचं. मुलीच्या बापानं दहीभाताचा डबा घेऊन घरून निघायचं, मुलाकडे पोचायचं आणि घोटभर पाणीही न पिता सगळ्यांसमक्ष डबा उघडून एक घास खायचा. बुत्ती गोड असली तर पुढची बोलणी. आंबट झाली असली तर सगळ्यांना नमस्कार करून परतीची गाडी पकडायची.

हा नियम पणजोबांनी घातला होता म्हणे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सासरी पोरीला ताप आला, तोंडाची चव गेली, तर आईच्या हातचा दहीभात न आंबता तिच्यापर्यंत पोचला पाहिजे. त्यामुळे जमखंडीकरांच्या मुली गदग, बैलहोंगल, कित्तूर अशा टप्प्यातच पडल्या. सगळ्यांत लांब गेली ती हिराआत्या, गोकाकला. तिचं डिसेंबरात ठरलं म्हणून जमलं. मे महिन्यात ठरतं तर ती सौंदत्तीच्या पुढे गेली नसती असं घरात अजून बोललं जायचं.

अण्णांची एकुलती एक लेक सावनी कृषी विद्यापीठात मिरचीच्या बियाण्यांवर काम करायची. तिच्यासाठी अण्णांनी एक डबा पुण्यालाही नेऊन पाहिला होता. कात्रजला गाडी अडकली. मुलाकडे पोचून डबा उघडला तेव्हा त्याच्या आजीनं नाकाला पदर लावला, आणि अण्णा चहासुद्धा न घेता उठले. त्यानंतर त्यांनी धारवाडभोवती मनातल्या मनात एक कुंपण घालून टाकलं.

त्या कुंपणावरून सावनीनं उडी मारली ती ब्याडगीच्या बाजारात. मिरचीच्या एकाच ढिगापाशी ती आणि संजीव चिंतलवार नावाचा व्यापारी एकाच वेळी वाकले, दोघं दहा मिनिटं नुसते शिंकत राहिले, आणि शिंका थांबल्यावर त्यांना एकमेकांशी भांडायचं सुचलं. वर्षभर भांडून झाल्यावर तिनं घरी सांगितलं.

"कुठला म्हणालीस?" अण्णांनी विचारलं.

"सिरोंचाचा, अप्पा."

"हे कुठं आलं आणि?"

"महाराष्ट्रातच आहे की."

"महाराष्ट्रात म्हणजे मिरजेच्या अलीकडं का पलीकडं?" अण्णांच्या हिशेबी महाराष्ट्र सांगलीला संपत होता. त्यापुढचा त्यांनी ऐकून घेतला होता, मान्य केला नव्हता.

"जरा पलीकडं," सावनी म्हणाली.

अण्णांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि निघाले. सोलापूर गेलं, लातूर गेलं, नांदेड गेलं, चंद्रपूर आलं तरी सिरोंचा येईना. अखेर गडचिरोलीच्या पार तळाशी, आणखी एक पाऊल टाकलं तर नदीत पडावं अशा जागी ते सापडलं. अण्णा घामाघूम झाले. "एवढ्या लांब बुत्ती कशी जायची गं? वाटेत तिला अंकुर फुटेल."

अण्णांना काही मुलगा वाईट वाटला नव्हता. त्याचा फोटो त्यांनी दोनदा पाहिला होता, दुसऱ्यांदा चोरून. खरं सांगायचं तर त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, की संध्याकाळी दुकान बंद करून घरी यावं आणि सावनी घरात नसावी. हे तोंडानं म्हणायची सोय नव्हती. बुत्तीवर ढकलायची होती.

दोन दिवस अण्णा येता-जाता नकाशापुढं उभे राहत होते. तिसऱ्या दिवशी सावनीनं फोन पुढे केला. कुठल्याही दोन गावांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर सांगणारं एक पान तिला सापडलं होतं. एवढंच करून तिनं थांबायला हवं होतं, पण प्रेमात पडलेली माणसं थांबत नाहीत. "बघा, अप्पा. धारवाड ते सिरोंचा. विमानानं एक तास वीस मिनिटं."

अण्णांनी चष्मा पुसला. एक तास वीस मिनिटं! हुबळीला जाताना रायापूरपाशी बस अडकली की तिथेच एवढा वेळ जातो. "खरं असंल का हे?" बायको अंबूताई म्हणाली. त्यावर अण्णांनी तिला शहाण्या माणसाचं तर्कशास्त्र ऐकवलं. थापा मारणारा माणूस दीड तास म्हणतो, दोन तास म्हणतो. वरची वीस मिनिटं कोण कशाला रचून सांगेल? वीस मिनिटं लिहिली आहेत म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून जाऊन आलेलं असणार.

विमान कुठून सुटतं आणि कुठे उतरतं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. सावनीला सुचलं होतं. ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दुकानातच प्रयोग मांडला. सकाळी डबा पातेल्यांच्या फळीवर ठेवला आणि खाली स्टूल टाकून, पट्टा बांधल्यासारखे मांडीवर हात ठेवून बसले. गिऱ्हाईक आलं तर "आत्ता नको, वाटेत आहे," म्हणाले. एक तास वीस मिनिटं झाल्यावर डबा उतरवला, घास घेतला. साखरेसारखा गोड. शेजारचे निवृत्त मास्तर बाळाचार्य रोज पेपर वाचायला दुकानात येत, त्यांनाही एक घास मिळाला.

"भाळ चलो आत नोड्री!" बाळाचार्य ओठ पुसत म्हणाले. फार छान झालं म्हणे. "म्हणजे अण्णा, तुम्ही विमानानं जाणार?"

"जाणार म्हणजे? इथं नाश्ता करून निघायचं, तिथं जेवायला बसायचं. पोरगी गोकाकपेक्षा जवळ पडली बघा!"

ही बातमी दुपारपर्यंत सुभाष रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कापडवाल्यानं अभिनंदन केलं. फुलवालीनं, विमानात बुत्ती नेऊ देतात का, असं विचारलं. अण्णा प्रत्येकाला वीस मिनिटांचं तर्कशास्त्र ऐकवत होते आणि प्रत्येक वेळी त्यांची छाती थोडी पुढे येत होती.

तिकिटं काढायला अण्णा हुबळीला विद्यानगरात गेले. तिथे चेतन नावाच्या ओळखीच्या मुलाचं प्रवासाचं ऑफिस होतं. चेतननं अण्णांचं सगळं ऐकून घेतलं, फोनवरचं पान पाहिलं, आणि हसू दाबण्यासाठी उगाच पंखा वाढवला.

"अण्णा, हे विमान नाही."

"मग काय आहे?"

"हे त्यांनी दोन गावांच्या मध्ये सरळ पट्टी ठेवलीय. विमान असतं तर किती वेळ लागला असता, तो आकडा आहे. धारवाडात विमानतळ आहे का?"

"हुबळीत आहे की."

"हुबळीहून सिरोंचाला विमान नाही. सिरोंचात विमानतळ नाही. म्हणजे बघा, विमान नाही, पायलट नाही, उतरायला जागा नाही. नुसता वेळ आहे."

"नुसता वेळ?" अण्णांचा आवाज चढला. "लिहिणाऱ्याला लाज नको? वेळ आहे तर विमान नको का ठेवायला? उद्या मी दुकानात झाकणं मांडीन आणि म्हणीन, डबा असता तर याच्यावर बसलं असतं!"

चेतननं त्यांना चहा पाजला आणि खरा रस्ता सांगितला. रात्रीची रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग बस, आणि ती बस वेळेवर आली तर देवाची कृपा. अण्णा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. मनात एक गारवा पसरला. एवढ्या प्रवासात, ते पण मार्चमध्ये, कुठली बुत्ती गोड राहणार? जायचं, डबा उघडायचा, आंबट म्हणायचं, परत यायचं. बापानं नाही म्हटलं असं कुणी म्हणू शकणार नाही. बुत्तीनंच नाही म्हटलं.

ते घरी आले ते जवळजवळ शीळ घालतच. "विमान रद्द," त्यांनी जाहीर केलं. "रेल्वेनं जायचं. शब्द दिला म्हणजे दिला." सावनीनं मान खाली घातली, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. अण्णांनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं करून ते हातपाय धुवायला गेले.

निघायच्या दिवशी अंबूताईनं भात मऊ शिजवून गार केला आणि दुधाचं पातेलं पुढे ओढलं. अण्णा दारातच उभे होते.

"एवढं दूध?"

"लांबचा प्रवास आहे ना," ती सहज म्हणाली. "दूध भरपूर, दही नखभर. ते वाटेत आपोआप विरजतं. पोचेस्तोवर गोड राहतं."

अण्णांच्या डोक्यात काहीतरी खटकलं. "थांब. हिराच्या वेळी आईनं असंच केलं होतं?"

"हिराअक्कांच्या डब्यात दही होतं की नाही, देव जाणे," अंबूताई म्हणाली. "सासूबाईंना मुलगा पसंत होता."

अण्णा दाराला टेकले. म्हणजे पिढ्यान् पिढ्या घरातले पुरुष ऐटीत डबे घेऊन फिरले, आणि कोणती मुलगी कुठवर जायची हे इथे ओट्यापाशी पळीनं ठरत होतं! "बाजूला हो," ते म्हणाले. "ह्या वेळी बुत्ती मी कालवणार. कायद्यानं."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी भातात हात घातला. दूध नाही. दही मात्र असं घातलं की भात दिसेनासा झाला, आणि तेही कालचं, कोपऱ्यातल्या मातीच्या सटातलं. अंबूताईनं फोडणीची पळी अशी आपटली की शेजाऱ्यांनी खिडकी उघडून पाहिलं. सावनी उंबऱ्याशी उभी राहून सगळं बघत होती. तिनं नुसती पिशवीत लोणच्याची बाटली ठेवली.

मग डबा निघाला, बरोबर अण्णा आणि सावनी. रेल्वेत अण्णांनी तो उशाशी घेतला. दुसऱ्या रेल्वेत तो खिडकीशी ठेवला. ऊन वर आलं तसा वासही वर आला. समोरचे गृहस्थ आधी आपले बूट तपासू लागले, मग त्यांनी दुसऱ्यांचे बूट तपासले, आणि शेवटी पुढच्या डब्यात जागा आहे का बघून येतो म्हणून गेले ते आलेच नाहीत. अण्णा मनातून खूश होते. काम चोख चाललं होतं.

पण एक घोटाळा झाला. ते आणि सावनी असे समोरासमोर कधी इतका वेळ बसलेच नव्हते. घरी ती यायची तेव्हा ते दुकानात, ते यायचे तेव्हा ती पुस्तकात. आता दोघांना पळायला जागा नव्हती. तिनं मिरचीबद्दल सांगायला सुरुवात केली. कुठली नुसती लाल दिसते, कुठली डोळ्यांतून पाणी काढते, सिरोंचाकडच्या मातीत आपलं नवं बियाणं लागलं तर काय होईल. तिचे हात हवेत फिरत होते. अण्णांना पितळ आणि स्टील यांपलीकडे काही कळत नव्हतं, पण आपली पोर कशात तरी एवढी तरबेज आहे हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ते प्रश्न विचारू लागले. ती उत्तरं देऊ लागली. स्टेशनं आली आणि गेली.

बसमध्ये बसायला एकच जागा मिळाली. दोघं दाटीवाटीनं बसले, डबा अण्णांच्या मांडीवर. रस्ता असा की डब्यात ताक घुसळल्याचा आवाज येत होता. सावनीला झोप लागली आणि तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. लहानपणी सौंदत्तीच्या जत्रेहून येताना यायचं, अगदी तसं. खांदा अवघडला तरी अण्णांनी तो हलवला नाही. सिरोंचा अजून लांब असतं तर चाललं असतं, असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी दचकून तो हाकलून लावला.

संजीव बसथांब्यावर आला होता. त्यानं वाकून नमस्कार केला, पिशव्या घेतल्या, आणि डब्याला हात लावणार तोच अण्णा गुरगुरले, "तो माझ्याकडंच राहील." संजीवचे वडील माल घेऊन बाहेरगावी गेलेले होते. घरी त्याची आई कौसल्याबाई होती. तिनं लिंबाचं सरबत आणलं. अण्णांच्या घशाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटली होती, तरी त्यांनी पेला बाजूला सारला, सतरंजीवर मांडी घातली आणि डबा समोर ठेवला.

"हे काय आहे गं?" कौसल्याबाईनं सावनीला हळूच विचारलं.

सावनीनं नियम सांगितला. गोड असली तर काय, आंबट असली तर काय, तेही सांगितलं. तिचा आवाज नीट होता, फक्त ती कुणाकडे बघत नव्हती. संजीवनं डब्याकडे पाहिलं, वास घेतला, आणि त्याचा चेहरा पडला. मिरचीच्या व्यापाऱ्याचं नाक ते, त्याला झाकण उघडायची गरज नव्हती.

कौसल्याबाई मात्र डब्याकडे बघतच राहिली. "म्हणजे हा डबा धारवाडहून आणलात? असा, हातात धरून?"

"हो तर."

"माझं माहेर सोलापूर," ती म्हणाली. "संजीवच्या वेळी मी महिनाभर अंथरुणाला खिळून होते. माहेरची सगळी माणसं मायाळू, अजूनही फोन करतात. लांब पडतं म्हणतात. खरंच पडतं हो, मी कुणाला बोल लावत नाही. पण तिकडनं इथवर डबा घेऊन आलेलं माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय."

अण्णांनी खाली मान घालून डब्याच्या कड्या काढल्या. झाकण स्वतःच 'फस्स' करून वर उडालं. खिडकीतलं मांजर उठून गेलं. अण्णांनी बोटं बुडवली, देवाचं नाव घेतलं आणि घास तोंडात टाकला.

तशी आंबट वस्तू मुकुंदअण्णांनी आयुष्यात खाल्ली नव्हती. दात शिवशिवले, उजवा कान बंद झाला, डोळ्यांतून धार लागली. हवं होतं ते सगळं झालं होतं. आता एक शब्द बोलायचा, हात जोडायचे आणि संध्याकाळची बस पकडायची. त्यांनी वर पाहिलं. सावनी सतरंजीचा दोरा ओढत होती. ती विनवत नव्हती, रडत नव्हती. आपले अप्पा खोटं बोलणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, आणि ती नुसती थांबली होती.

अण्णांनी घास गिळला.

"गोड आहे," ते म्हणाले.

मग कौसल्याबाईनं तळहात पुढे केला. "द्या बघू मला."

"नको, नको, तुम्ही कशाला..." अण्णा डबा मागे ओढू लागले, पण बाईंचा हात मागे जाईना. शेवटी त्यांनी जीव मुठीत धरून तिच्या हातावर एवढासा भात ठेवला. तिनं तो तोंडात टाकला. तिचा एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. बऱ्याच वेळानं दोन्ही उघडले.

"गोड आहे हो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणखी घाला."

संजीवनं न सांगता हात पुढे केला आणि घास गिळून नुसती जोरजोरात मान हलवली. बोलायला त्याला आवाजच राहिला नव्हता. सावनीचा विश्वास बसेना. तिनं सरळ डब्यात बोट घालून चाटलं आणि ती ताडकन सरळ झाली.

"अप्पा! अहो, ही तर..."

"गोड आहे," अण्णा गरजले. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकावर गरजत तसे. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत आणि डबा मधोमध सरकवत ते म्हणाले, "मुकाट्यानं खा. दर महिन्याला आणणार आहे मी, तेव्हापण गोडच म्हणायचं."